पानओवा गोव्याच्या परसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पानओव्याची बहुतेक झाडं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जातात. उरलेले आठ महिने त्याला फारसं काही लागत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत पावसाळ्याचं उत्तर सगळ्यांत मोठं आहे. बाकीचं वरवर चाळलंत तरी चालेल, तेवढं मात्र पूर्ण वाचा.

पानओवा आणि डब्यातला ओवा एकाच झाडाचे का?

नाही. मसाल्याच्या डब्यातला ओवा हे कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातल्या वर्षायू झाडाचं फळ. त्याची पानं बारीक, चिरलेली, धाग्यासारखी असतात. पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला, बारमाही. पान जाड, मांसल, लवदार, कडेला गोलसर दाते, आणि खोड कोवळं असताना चौकोनी. वास सारखा येतो, कारण दोन्हींत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही सुगंधी द्रव्यं आहेत. डब्यातला ओवा कुंडीत पेरून भज्यांच्या पानांची वाट पाहणारे पुष्कळ भेटतात. ती पानं त्या बियांतून कधीच येणार नाहीत.

शास्त्रीय नाव कोलियस अंबोइनिकस. प्लेक्ट्रान्थस अंबोइनिकस हे नावही अजून सगळीकडे चालतं. या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १७९० मध्ये जुआंव द लोरेरो या पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूनं केलं, आणि पूर्वेकडे जाण्याआधी हा माणूस काही वर्षं गोव्यात राहिला होता. नर्सरीत याला क्युबन ओरेगानो, मेक्सिकन मिंट किंवा इंडियन बोरेज असंही म्हणतात. यांतल्या एकाही नावावरून झाडाचं कूळ कळत नाही, म्हणून नावापेक्षा वासावर भरवसा ठेवा. पान चुरगळलं की ओव्याचा वास नाकात गेलाच पाहिजे.

पानफुटीशी गल्लत होते. ओळखायचं कसं?

दोघांनाही काही जण पाथरचूर म्हणतात, घोटाळा तिथूनच सुरू होतो. पानफुटीचं पान गुळगुळीत आणि बिनवासाचं असतं, जमिनीवर पडलं की त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात. पानओव्याच्या पानाला लव असते आणि वास लपत नाही. ही गल्लत साधी समजू नका: पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, ती खाऊन गुरं दगावतात. वास आला नाही तर ते पान भज्यात घालायचं नाही.

पांढऱ्या कडेचा पानओवा खाता येतो का?

येतो. वाढ हळू आणि स्वाद सौम्य असतो. त्यातून अधूनमधून पूर्ण हिरवी फांदी निघते. ती जोरकस असते, राहू दिली तर सगळं झाड हिरवं करून टाकते. शोभेसाठी लावला असेल तर अशी फांदी बुडापासून काढा आणि दुसऱ्या कुंडीत टोचा.

युरोपातला लव्हेज गोव्यात लागेल का?

आधी एक खुलासा. बाजारात काही पाकिटांवर डब्यातल्या ओव्यालाच 'लव्हेज' असं इंग्रजी नाव छापलेलं असतं. त्यामुळे लव्हेजचं बी म्हणून आणलेलं बी ओव्याचं निघणं अगदी शक्य आहे. खरा लव्हेज म्हणजे लेव्हिस्टिकम ऑफिसिनाले, दीड ते दोन मीटर उंच वाढणारं बारमाही झाड. पानांना सेलरीसारखा, पण त्याहून भारी वास. रोमानियात आंबट सारांत ती घालतातच. हे झाड थंडीत जमिनीपर्यंत सुकतं, मुळं विश्रांती घेतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. गोव्यात ती विश्रांती त्याला मिळत नाही, आणि जूनमध्ये त्याची जाड मुळं कुजतात.

हौस असेल तर एका हंगामाचं पीक म्हणून करून पाहा. ऑक्टोबरच्या मध्यावर त्याच वर्षीचं ताजं बी पेरा, कारण जुन्या बियांची उगवण झपाट्यानं घटते. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. कुंडी निदान १२ इंच खोल आणि दुपारी सावलीत हवी. मार्चपर्यंत थोडी कोवळी पानं मिळतील, नंतर झाड थकेल. स्वयंपाकघराला बारमाही काही हवं असेल तर इथल्या हवेत ती जागा पानओवाच भरून काढतो.

रोप विकत घ्यावं की फांदी मागून आणावी?

फांदी मागा. आपल्याकडे पानओवा बहुधा बी धरत नाही, तेव्हा सगळी झाडं फांद्यांचीच. शेजाऱ्याच्या परसातलं झाड तुमच्याच वाड्यातल्या पावसाला टिकलेलं असतं, हा मोठा फायदा. विकतचं रोप घेतलंत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून असो की नर्सरीतून, तर ते काळ्या पिशवीतून बाहेर काढून मुळं बघा. मुळं पांढरं पीठ लागल्यासारखी दिसली तर ते रोप परत करा. ती पिठ्या ढेकूण या किडीची मुळांवरची वस्ती असते आणि शेजारच्या कुंड्यांत पसरते.

फांदी लावायची नेमकी रीत काय?

फुलं नसलेला, ना फार कोवळा ना लाकडासारखा झालेला शेंडा घ्या. लांबी १० ते १२ सेंटिमीटर. धारदार कात्रीनं पेराच्या जरा खाली कापा. खालच्या दोन जोड्या पानं काढा, ती स्वयंपाकात वापरा. वर दोन जोड्या पुरे. पानं फार मोठी असली तर अर्धी कापा.

मग फांदी सावलीत तीन-चार तास तशीच ठेवा. दमट दिवसांत रात्रभर ठेवलीत तरी बिघडत नाही. कापलेली जागा सुकून तिच्यावर पातळ खपली धरली पाहिजे. या मांसल खोडात पाणी खूप असतं, ओल्या जखमेनं मातीत गेलं की तिथूनच कूज शिरते. ही पायरी गाळल्यामुळे जितक्या फांद्या जातात तितक्या दुसऱ्या कशानं जात नाहीत.

सुकलेली फांदी ओलसर मातीत दोन पेरं बुडतील इतकी खोचा, बोटांनी माती दाबा. पहिले चार दिवस पाणी नको. त्यानंतर वरची माती सुकली की थोडं. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. फांदी हलकेच ओढली आणि ती अडली तर लागली समजा. ग्लासातल्या पाण्यातही मुळं फुटतात, पण ती नाजूक असतात आणि मातीत गेल्यावर झाड आठवडाभर मान टाकतं. सरळ मातीतच लावलेलं बरं.

माती कशी करायची? आमच्याकडे सगळी तांबडी मातीच आहे.

तांबडी माती वाईट नाही. तिचा आम्लपणाही या झाडाला बाधत नाही. अडचण एवढीच की पावसात ती चिकट होते आणि उन्हाळ्यात कुंडीत विटेसारखी आवळते. दोन भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, असं मिश्रण करा. वाळू मिळाली नाही तर जुन्या कौलांचे किंवा चिऱ्याचे वाटाण्याएवढे तुकडे घाला. ते काम चोख करतात आणि गोव्यात घर दुरुस्तीला काढलं की फुकट मिळतात. समुद्रावरची वाळू नको, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. नारळाच्या सोडणाचा भुसा उन्हाळ्यात बरा, पण पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, म्हणून मूठभराच्या वर घालू नका.

कुंडी ८ ते १० इंची, शक्यतो मातीची. प्लास्टिकची असेल तर तळाला निदान पाच-सहा भोकं पाडा. जमिनीत लावायचं तर वीतभर उंच वाफा करा आणि पागोळ्या पडतात ती जागा टाळा.

ऊन किती?

सकाळचं चार-पाच तास. कडक उन्हात पानं लहान, जाड, पिवळट होतात आणि चव झोंबते. गडद सावलीत पानं तळहाताएवढी होतात, दिसायला छान, पण मऊ आणि फिकट वासाची. भज्यांसाठी थोड्या सावलीतलं पान चांगलं, काढ्यासाठी उन्हातलं. एकाच घरात दोन कुंड्या दोन जागी ठेवल्या तर दोन्ही सोयी होतात.

पावसाळ्यात झाड दर वर्षी मरतं. काय चुकतं?

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पानओवा पान आणि खोड यांत पाणी साठवून कोरड्या दिवसांवर निभावणारं झाड आहे. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि मग बुरशी आत शिरते. वरून दिसतं ते असं: आधी खालची पानं पिवळी, मग झाड पाण्याविना सुकल्यासारखं मलूल. नेमकं इथं माणसं आणखी पाणी घालतात. मलूल झाड दिसलं की आधी बोट मातीत दोन इंच घाला. माती ओली आणि झाड मलूल, तर मुळं कुजली आहेत.

यावर उपाय मे महिन्यातच करायचा. घरात खारं, सोलं, मिरच्या यांची पुरुमेंताची बेगमी चाललेली असते, त्याच आठवड्यात चार-पाच फांद्या नव्या लहान कुंड्यांत लावा. पाऊस सुरू होईपर्यंत त्यांना मुळं आलेली असतात. या कुंड्या बल्कावात (दारापुढच्या बैठकीत), ओसरीच्या कडेला किंवा सज्जाखाली ठेवा, जिथं उजेड आहे पण सरी थेट पडत नाहीत. जून ते सप्टेंबर पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा, तेही माती सुकली असेल तरच. हवाच इतकी ओली असते की काही कुंड्यांना पंधरा दिवस थेंब लागत नाही. कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा.

बाहेरचं मोठं झाड हलवता येत नसेल तर मेअखेर एक तृतीयांश छाटा, बुडाशी हवा खेळू द्या, आणि सुक्या पानांचं आच्छादन सप्टेंबरपर्यंत बाजूला करा. तरीही ते जाऊ शकतं. कुंड्यांतल्या फांद्या लावायच्या त्या याचसाठी.

कूज सुरू झालीच तर उशीर करू नका. खोड बुडाशी काळं आणि मऊ पडलेलं असेल, पण वरचा भाग हिरवा आणि टणक असतो. तिथं कापा आणि कापलेली जागा पाहा. मध्ये तपकिरी वर्तुळ किंवा डाग दिसला तर आणखी वर कापा, पूर्ण स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत. मग सुकवून नव्या मातीत लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, कात्री स्पिरिटनं पुसा.

पानांच्या मागे खरखरीत फोड आलेत. रोग आहे का?

बहुधा नाही. माती ओली आणि हवा दमट असली की मुळं पाणी ओढतच राहतात, पानातून ते बाहेर पडत नाही, पेशी फुगून फुटतात आणि तिथं खपली धरते. पाणी कमी करा, कुंड्या दूर दूर ठेवा. ते पान तसंच राहील, नवी पानं स्वच्छ येतील.

कीड कोणती येते?

तीव्र वासामुळे फार नाही. फेब्रुवारीपासून पिठ्या ढेकूण पानाच्या देठाशी कापसासारखा दिसतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसा, चार दिवसांनी पुन्हा. पांढरी माशी असेल तर पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा सकाळी मारा म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं सुकतात. कडुनिंबाचं तेल शेवटचा उपाय ठेवा: लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर, सोबत थोडा साबण. लवदार पानावर त्याचा कडूपणा चिकटून राहतो, फवारलेली पानं खाण्यात घेऊ नका.

पावसाळ्यात गोगलगायी रात्रीत शेंडे फस्त करतात. रात्री बॅटरी घेऊन वेचा, पण हातमोजे घालून. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीत माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा परजीवी असू शकतो. याच कारणानं पावसाळ्यात पानं कच्ची खायची झाली तर एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. शिजवून खाल्लेली अधिक बरी. कुंडीत मीठ मात्र टाकू नका. गोगलगाय मरते, झाडही मरतं.

खत किती?

दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत. पावसाळ्यात काहीही नाही. युरिया किंवा वारंवार शेणाची स्लरी दिली तर पानं भराभर वाढतात, पण पाणचट होतात, वास हरवतो आणि खोड स्वतःच्या वजनानं मोडतं.

पानं कधी आणि कशी खुडायची?

झाड वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. पुढे एकेक पान ओरबाडण्यापेक्षा दोन जोड्यांसकट शेंडाच कापा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नको. थंडीत फिकट जांभळ्या फुलांचे तुरे येतात. पानं हवी असतील तर तुरे काढा, मधमाश्यांसाठी एखादी फांदी ठेवा. दीड-दोन वर्षांनी खोड लाकडी आणि बोडकं होतं, तेव्हा त्याच्याच फांदीपासून नवं झाड करून जुनं काढून टाकावं.

भज्यांचं पीठ पानावरून निसटतं. का?

पान ओलं राहतं म्हणून. लवेत पाणी अडकतं, वरवर झटकून निघत नाही. धुतलेली पानं पंचावर अर्धा तास पसरा, दोन्ही बाजू टिपा.

मध्यम आकाराची १५ पानं देठासकट घ्या, देठ धरून बुडवायला बरं पडतं. एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर हिंग, मीठ. पाणी अर्ध्या वाटीपासून सुरू करून बेतानं वाढवा. पीठ पळीवरून सलग धारेनं पडलं पाहिजे. वेगळा ओवा घालू नका, पानाचा स्वाद मग कळतच नाही. मध्यम आचेवर तळा. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरचं पीठ लाल होतं आणि आत पान कच्चं, तुरट राहतं. दोन्ही बाजूंनी मिळून तीन मिनिटं लागतात.

भज्यांशिवाय आणखी कशात?

कारवार-उडुपीकडची तंबळी इथल्या हवेला फार मानवते. ८-१० पानं चिरून एक चमचा तुपावर अर्धा चमचा जिरं आणि चार-पाच मिऱ्यांसोबत परता. पानं काळपट हिरवी आणि लुळी झाली की थांबा. कच्ची राहिली तर घशाला चरचरतं. गार झाल्यावर पाव वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटा, वाटीभर ताकात मिसळा, मीठ घाला, वर मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी. ही पुन्हा उकळायची नाही, ताक फुटतं. उकड्या भातावर घ्या.

पेजेबरोबरच्या खोबऱ्याच्या चटणीत तीन-चार पानं पुरतात. वरणाला फोडणी देताना एक पान चुरडून टाका. बांगड्याला किंवा मटणाला लावायच्या हिरव्या वाटणात कोथिंबिरीच्या जुडीला पाच-सहा पानं हे प्रमाण. याहून जास्त घातलंत तर औषधाची चव येते आणि मासा वाया जातो. नव्या माणसानं प्रत्येक पदार्थात निम्म्यापासूनच सुरुवात करावी.

पानं साठवता येतात का?

कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार-पाच दिवस. वरच्या थंड कप्प्यात ती काळी पडतात. जानेवारी ते मार्च बारीक पट्ट्या करून सावलीत सुकवता येतात, आठवडाभर लागतो. पावसाळ्यात सुकवायला जाल तर बुरशी धरेल. चिरून तेलात घोळवून बर्फाच्या साच्यात गोठवलेली पानं फोडणीला उत्तम. पण झाड दाराशी असताना हा खटाटोप कशाला?

सर्दी-खोकल्याला कसं घ्यायचं?

४-५ पानं फाडून, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून, दीड कप पाण्यात घाला. उकळी आली की मंद आचेवर पाच मिनिटं, झाकण ठेवून. गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं झाकलेलंच राहू द्या. झाकण काढून उकळत ठेवलं की सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जातं आणि उरतो तो नुसता हिरवा कडवट रस. गूळ घालून दिवसातून एकदा-दोनदा, तीन-चार दिवस. यानं घसा मोकळा वाटतो, पोटातला वारा सुटतो. आजार बरा करण्याचं काम याच्याकडून अपेक्षू नका.

ताप असेल तर काढ्यावर दिवस काढणं धोक्याचं आहे. गोव्यात पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्ही आढळतात आणि दोन्हींची सुरुवात साध्या तापासारखीच असते. अंगदुखीसह ताप, डोळे लाल किंवा पिवळे, लघवी कमी, शेतात किंवा साचलेल्या पाण्यात वावर झालेला, असं काही असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

लहान बाळाला रस द्यावा का?

तव्यावर पान शेकून पिळलेला रस मधातून चाटवायची जुनी पद्धत घरोघरी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते. हा तीव्र रसही इतक्या लहान बाळाला नको, आणि बाळाचा खोकला डॉक्टरांनाच दाखवा. गरोदरपणात भजी किंवा तंबळी चवीपुरती ठीक, रोजचा काढा टाळावा. नियमित गोळ्या चालू असतील तर काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. काहींच्या त्वचेला पानाचा रस लागून खाज येते. प्रथमच लेप लावणार असाल तर मनगटावर थोडा लावून दिवसभर थांबा.

कुत्र्या-मांजरांना चालतो का?

नाही. त्यातल्या तेलांनी त्यांना उलट्या आणि जुलाब होतात. कुंडी उंचावर ठेवा.

कुंडी ठेवली की डास येत नाहीत, खरं का?

नुसत्या कुंडीनं डास पळत नाहीत. सुगंधी तेल पानातच असतं, पान चुरडल्याशिवाय ते हवेत फारसं येत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत आठवडाभर पाणी राहिलं तर डेंग्यूचे डास तिथंच वाढतात. ताटली काढा म्हणून वर सांगितलं, त्याचं हे दुसरं कारण.